पिंडरांचा कोंडवाडा

१

उन्हाळा आला की आमच्या दारात कोणी ना कोणी पिंडर येऊन उभा राहतो. कोणी कॅनडाचा, कोणी न्यूझीलंडचा. एकदा तर बहामाजहून अख्खं कुटुंब आलं होतं, आजीबाईंसकट. "तुम्हीही पिंडर? आम्हीही पिंडर!" असं म्हणत ते माझा हात धरून असा हलवतात, जणू मी त्यांची जत्रेत हरवलेली आत्या. मी तेव्हा भांडी घासत असते, नाहीतर क्लेमच्या पायात मोजे कोंबत असते.

या मंडळींना हवा असतो एखादा किल्ला, निदान तलवारवाला पूर्वज तरी. एकाने दुकानातून विकत घेतलेलं घराण्याचं चिन्ह आणलं होतं, त्यावर सिंह. मी म्हटलं, "सिंह कसला घेऊन बसलात? पिंडर म्हणजे कोंडवाडेवाला. गावातली चुकार डुकरं नि गायी धरून कोंडायच्या आणि मालक येईपर्यंत सोडायच्या नाहीत, हा आपला धंदा. शेकडो वर्षं लोकांच्या शिव्या खाल्ल्या, तेव्हा कुठे आडनाव मिळालं." मग त्यांचं तोंड उतरतं आणि ते हळूच विचारतात, "तो कोंडवाडा आहे का हो अजून?"

आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला, चर्चच्या मागे. गोल, विटांचा, माणसाच्या डोक्यापेक्षा थोडा उंच. वर छप्पर नाही. आत चार गायी दाटीवाटीने उभ्या राहतील एवढीच जागा, पाण्याची एक दगडी डोणी आणि एक लाकडी फाटक. आमच्या या इंग्लिश खेड्यात, थॉर्लबीत, आता गाय औषधालाही उरलेली नाही, जिकडे बघावं तिकडे बार्ली. आत शोभेचा बाक ठेवायचं गावसमितीने कधीच ठरवलंय, आणि ते अजून ठरतंच आहे.

पाहुण्यांना तिथे नेऊन आणणं हे माझं उन्हाळी काम. बारमाही काम म्हणजे क्लेम.

क्लेम माझा थोरला भाऊ. बस डेपोत मिस्त्री होता. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून कुठे दुखतंय ते सांगायचा. त्याने लग्न केलं नाही, माझ्यावरही आडनाव बदलायची वेळ आली नाही, म्हणून आईवडिलांच्या माघारी आम्ही दोघं त्याच घरात राहिलो. मग हळूहळू त्याचं डोकं विझत गेलं. आता तो बूट फ्रीजमध्ये ठेवतो, मला एव्ही म्हणायचं सोडून मॅडम म्हणतो आणि नजर चुकली की घराबाहेर पडतो. कडी लावा, साखळी लावा, काही करा. ज्या माणसाला सदऱ्याचं बटण लावता येत नाही त्याला कुलूप मात्र बरोबर उघडता येतं. माझ्या नाकी नऊ आले होते.

एक मात्र होतं. सापडायचा तो नेहमी एकाच जागी. कोंडवाड्यात, डोणीच्या काठावर टेकून, आणि फाटक बाहेरून बंद. मला वाटायचं, गावातलं कोणीतरी त्याला रस्त्यावर बघून तिथे बसवून जातं. म्हातारा माणूस म्हणजे काय बोकड आहे, असा रागही यायचा. पण सापडत होता ना? म्हणून मी गप्प बसले.

२

सप्टेंबरात एका दुपारी धो धो पाऊस लागला होता आणि नेमका तेव्हाच हा निघून गेला. मी छत्री घेऊन सगळं गाव पालथं घातलं. छत्री उलटी झाली, बुटात पाणी गेलं आणि डोकं तापलं. शेवटी कोंडवाड्याशी आले आणि लांबूनच सुरू झाले, "क्लेम! अरे बैला, किती वेळा सांगितलं पावसात जाऊ नकोस म्हणून? न्यूमोनिया होऊन मरायचंय का तुला? मर एकदाचा!"

तो आत होता. फाटक दोराने बांधलेलं होतं. गाठ सोडताना लक्षात आलं, दोर पेंढ्याचा आहे. पिळून पिळून वळलेला, पिवळाधमक. आजकाल सगळीकडे तो नारिंगी प्लॅस्टिकचा दोर असतो. पेंढ्याचा दोर मी लहानपणी आजोबांच्या हातात शेवटचा पाहिला होता.

"मॅडम, जरा हळू," क्लेम म्हणाला. "उठतील सगळे."

त्याला हात धरून ओढत घरी आणलं. टॉवेल घेतला आणि त्याचं डोकं पुसायला गेले, तर डोकं कोरडं. कोट कोरडा, मोजे कोरडे. नुसते कोरडे नाही, तर गरम. आणि अंगाला गोठ्याचा वास. मी टॉवेल हातात धरून उभी राहिले, माझ्या केसांतून पाणी ठिबकत होतं. मग स्वतःला म्हटलं, कोणीतरी त्याला आधी घरात बसवलं असेल, अंग पुसलं असेल, पाऊस थांबल्यावर तिथे सोडलं असेल. पण पाऊस थांबलाच कुठे होता?

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वेरा स्टॅथरला गाठलं. गावात कोणाच्या घरी कधी चहा होतो हे वेराला विचारावं.

"क्लेमला कोंडवाड्यात कोण बसवतं गं?"

"मला काय विचारतेस? मी बसवते की काय?"

"फाटक बांधलेलं असतं."

"अगं, फाटकं बंद करायची सवय तुम्हा पिंडरांना. तूच बांधून विसरली असशील. भावाचं लागलं वाटतं तुला!" वेरा हसली, आणि माझं तोंड बघून तिने पार्किनचा, म्हणजे आल्याच्या केकचा तुकडा बशीत घालून पुढे केला.

मी केक खाल्ला. पण ते हसणं डोक्यात राहिलं. सवय म्हणते ती, तर ती होतीच. फाटक उघडं दिसलं की वडील आमचं रात्रीचं जेवण बंद करायचे. आजही माझं लक्ष कुठेही असो, मागचं फाटक हात आपोआप लावतो.

३

ऑक्टोबरात सगळे पाहुणे संपले असं समजून मी सुटकेचा निःश्वास टाकला, तर लॉर्न पिंडर आला. कॅनडातला निवृत्त शिक्षक, साठीचा, नम्र, पण प्रश्नांची नुसती सरबत्ती. क्लेमला एकट्याला ठेवता येत नव्हतं म्हणून त्यालाही बरोबर घेतलं. वाट ओली होती, लॉर्नची जीभ थांबत नव्हती, आणि क्लेम दर दोन पावलांना विचारत होता की बस आली का.

"माझे पणजोबा सांगायचे," लॉर्न म्हणाला, "की पिंडर कधी कोणाला विचारत नसे, हे जनावर कोणाचं. चुकलं की कोंडायचं. बरोबर ना?"

"आणि मालकाने फाटकाशी येऊन हाक मारायची," मी म्हटलं. "वडील सांगायचे. हाकेला जे जनावर पुढे येईल ते त्याचं. नुसतं बोट दाखवून चालायचं नाही. लबाड लोक दुसऱ्याची गाय घेऊन जायचे ना."

"आणि कोणी मागायलाच आलं नाही तर?"

"तर पिंडरची. खाल्ली असेल, विकली असेल. मला काय ठाऊक? फोटो काढा लवकर, जेवण व्हायचंय आमचं."

लॉर्नने फाटक उघडलं. तेवढ्यात क्लेमने त्याची बाही धरली. एरवी लहान मुलासारखा ऐकणारा क्लेम असा घट्ट धरून उभा राहिला की मला त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

"आत जागा नाहीये," क्लेम म्हणाला. "भरलाय."

आत ओलं गवत होतं आणि रिकामी डोणी. लॉर्न हसला. "मी जरा बारीक होऊन उभा राहतो हं." तो आत गेला, भिंतीवर हात फिरवला, डोणीपाशी वाकला, एक-दोनदा मागे वळून बघितलं. मी बाहेरून त्याचा फोटो काढला. मग तो बाहेर आला तो भरभर चालत. कोटाच्या कोपरावर हात घासत होता. तिथे एक ओला, चिकट डाग होता, बशीएवढा. गाय चाटते तेव्हा पडतो तसा.

"भिंत ओली असेल," मी म्हटलं.

"असेल," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

ज्या माणसाने सकाळपासून माझं डोकं खाल्लं होतं तो चहालाही थांबला नाही. एकही प्रश्न न विचारता गाडीत बसला आणि गेला. क्लेमने त्याला हात हलवून निरोप दिला. फाटक मी लावलं होतं की क्लेमने, हे मला नंतर आठवेना.

४

नोव्हेंबरात वृद्धाश्रमातून फोन आला. क्लेमसाठी खोली रिकामी झाली होती, सोमवारी आणून सोडा म्हणाले. किती महिने मी त्या फोनची वाट बघत होते! फोन ठेवला आणि आधी रडले, मग कपाट उघडून बसले. तिथे प्रत्येक कपड्यावर नाव शिवून द्यावं लागतं, नाहीतर धुलाईत एकाचं दुसऱ्याला जातं. म्हणून सुईदोरा घेऊन सदरे, बनियन, मोजे, सगळ्यांवर नावाच्या पट्ट्या शिवत होते. चष्मा सापडत नव्हता, दोरा ओवला जात नव्हता, बोटं टोचून घेतली होती.

क्लेम समोर बसून बघत होता.

"हे कशाला?"

"तुझे कपडे तुलाच मिळावेत म्हणून."

"मी कुठे जाणारे?"

याचं उत्तर मी त्याला त्या दिवशी इतक्यांदा दिलं होतं की आता नुसती मान हलवली. दोरा दाताने तोडून वर बघते तो खुर्ची रिकामी, मागचं दार उघडं.

मला काय वाटलं सांगू? काळजी नाही वाटली. नुसती चीड आली. सोमवारपर्यंत तरी एका जागी बस रे बाबा, एवढंच मागत होते मी.

दिवस बुडायला आला होता. कोंडवाड्याचं फाटक त्या दिवशी सताड उघडं होतं आणि क्लेम आत, डोणीवर.

"चल घरी."

"मागायला आलात?"

"मागायचंय काय त्यात? ऊठ."

"तसं नाही मॅडम. मागावं लागतं. नाहीतर सोडत नाहीत."

"कोण सोडत नाही? इथे कुत्रंही नाहीये! क्लेम, मला चुलीवर बटाटे ठेवायचेत, तुझी पिशवी भरायचीये, माझे गुडघे दुखतायत आणि माझ्यात आता राम उरलेला नाही. येतोस की नाही?"

त्याने मान हलवली आणि चिखलाकडे बघत बसला. दोनदा खोकला. त्याला हिवाळ्यात असतो तसला कोरडा खोकला.

"मग बस इथेच," मी म्हटलं. "ज्याला हवा असशील तो घेऊन जाईल तुला. मला नकोस."

वळले आणि तरातरा निघाले. मागे खट्ट आवाज झाला. तो मी ऐकला, पण मनावर घेतला नाही.

५

घरी येऊन चूल पेटवली, वर सूप गरम करत ठेवलं, बटाटे सोलायला घेतले. राग उतरेल आणि पाच-दहा मिनिटांत जाऊन आणीन, असा हिशेब. नेहमी तसंच व्हायचं. एक बटाटा सोलून झाला, दुसरा घेतला, आणि हात थांबला. तो खट्ट आवाज फाटकाच्या कडीचा होता. कडी मीच लावली होती, जाता जाता, सवयीने.

त्यात काय झालं? कडी आहे ती. शेंबडं पोर वरून हात घालून उघडेल, आणि क्लेम तर कुलपं उघडतो. पण मग तो आजवर एकदाही आपण होऊन बाहेर का आला नव्हता? आणि आजवर जो कोणी फाटक लावत होता तो पिंडर होता की नाही, मला माहीत नाही. आज मात्र पिंडरनेच लावलं होतं. बाईमाणूस झालं म्हणून काय, आडनाव तेच.

मूर्खपणा आहे, मूर्खपणा आहे, असं मोठ्याने म्हणत मी गल्लीतून धावले. चूल तशीच.

फाटक बांधलेलं होतं. कडीवर, आडव्या दांड्यांवर, खांबावर, जिथे जागा मिळेल तिथे पेंढ्याच्या दोराच्या गाठी. माझा हात लागला तर दोर ऊन होता. आतून श्वास ऐकू येत होते. एकाचे नाही. लांब, सावकाश, नाकातून टाकलेले, पुष्कळांचे. अधूनमधून पाय बदलल्याचा चिखलातला आवाज. आणि त्या सगळ्यांच्या मधून कुठूनतरी क्लेमचा खोकला.

फाटकाच्या खालच्या दांडीवर चढले आणि डोकावले. उजेड जवळजवळ संपला होता. भिंतीपासून भिंतीपर्यंत पाठीच पाठी होत्या. राखाडी, वाकलेल्या, एकमेकींना टेकलेल्या. कोट होते की कातडी, मला सांगता यायचं नाही, आणि मी नीट बघितलंही नाही. चार गायींच्या जागेत इतके मावणं शक्य नव्हतं. पलीकडच्या बाजूला क्लेमची टोपी दिसल्यासारखी वाटली.

मी खाली उतरले आणि कसंबसं म्हटलं, "माझा भाऊ आहे आत. मी मागायला आलेय."

फाटकाच्या अगदी जवळून, खालच्या अंगाने, कोणीतरी विचारलं, "कोणता?"

आवाज म्हाताऱ्याचा, आमच्याच गावचा, माझ्या वडिलांपेक्षाही जुन्या बोलीतला. त्यात राग नव्हता. कामावरचा माणूस विचारतो तसं विचारलं.

"क्लेम," मी म्हटलं.

"हाक मार."

भीतीने माणूस किती गोड होतो ते मला त्या दिवशी कळलं. इतक्या मऊ आवाजात मी त्याला कित्येक वर्षांत बोलावलं नव्हतं. "क्लेम, राजा, ये रे. जेवायला चल. मी आहे ना."

आत ढकलाढकली झाली. दोर सुटून माझ्या बुटांवर पडले. फाटक थोडंसं उघडलं आणि अंधारातून एक हात माझ्या हातात आला. मी तो धरला आणि मागे न बघता चालू लागले. मागे फाटक कोणी लावलं ते विचारू नका.

आमच्या दाराशी आल्यावर तो म्हणाला, "एव्ही, काहीतरी करपतंय गं."

६

क्लेम बरा झाला. डॉक्टरांनी त्याला उलटसुलट प्रश्न विचारले, त्याने सगळ्यांची उत्तरं दिली, वर त्यांच्या गाडीच्या इंजिनात काय बिघडलंय तेही सांगितलं. असं क्वचित होतं म्हणाले. वृद्धाश्रमाला मी नको म्हणून कळवलं, आणि मोज्यांवरच्या पट्ट्या त्यानेच बसून उसवल्या. वेरा म्हणते, "देवाने ऐकलं तुझं." तो भांडी घासतो, आईची आठवण काढतो, मला एव्ही म्हणतो. मी मागितलं होतं ते सगळं मला मिळालं.

पहिले काही दिवस मी खुशीत होते, खोटं कशाला बोलू? मग लक्षात आलं की थंडी एवढी वाढली तरी तो खोकत नाही. एकदाही नाही. आणि संध्याकाळी चर्चच्या मागून जाताना खोकला ऐकू येतो. कोरडा, दोनदा.

मी वाट बदलली. तरी ऐकू यायचा.

शेवटी काल संध्याकाळी कोट चढवला. क्लेम सिंकपाशी बशा पुसत होता. कुठे जातेस, असं त्याने विचारलं नाही. म्हणाला, "जाऊन ये. मी नाही येत हं तिकडे." आणि बशी जागेवर ठेवली.

फाटक बांधलेलं होतं. मी गाठींना हात लावला नाही.

"क्लेम," मी हलक्या आवाजात म्हटलं. "राजा, मी आलेय. चल घरी."

आतला खोकला थांबला. "कोण?"

"मी. तुझी बहीण."

"नाही हो मॅडम," तो म्हणाला, अगदी अदबीने. "माझी बहीण यायचीये मला न्यायला, तिचीच वाट बघतोय. पण ती अशी बोलत नाही. ती ओरडते. गल्लीच्या टोकापासून ओरडत येते, मग मला कळतं घर कुठल्या बाजूला आहे ते."

तेव्हा मला कळलं, त्या दिवशी माझ्या गोड हाकेला कोण आलं ते. आजाराआधीचा क्लेम, ज्याला मी कधीकाळी असं बोलवायचे तो. हिंडणारा, बूट फ्रीजमध्ये ठेवणारा माझा भाऊ त्या आवाजाला ओळखतच नव्हता. तो बिचारा जागचा हलला नव्हता.

म्हणजे करायचं काहीच नव्हतं. नुसतं ओरडायचं. ते तर मला झोपेतही जमतं. बैला म्हणायचं, मूर्खा म्हणायचं, किती वेळा सांगितलं म्हणायचं, मर एकदाचा म्हणायचं. मी छाती भरून श्वास घेतला. राग शोधला. इतकी वर्षं ऊठसूट डोक्यात जाणारा राग, घरभर सांडलेला राग, त्याचा एक थेंबही मला सापडेना. तोंड उघडलं तर हुंदका बाहेर पडला, मग दुसरा. मी फाटकाला डोकं टेकलं आणि थांबवू म्हटलं तरी मला रडणं थांबवता येईना.

आत क्लेम शेजारच्या कोणाला तरी हळूच म्हणाला, "बाहेर कोणीतरी बाई रडतेय बिचारी. बघा ना जरा, तिचं कोण हरवलंय."